गिऱ्हाईक कोण? स्त्रियांच्या व्यापाराच्या इतिहासातील एक अनुत्तरित प्रश्न

ज्ञातिसंघाच्या स्मरणिकेत कुलवृत्तान्त यावेत, दिवंगत कार्यकर्त्यांचे पुण्यस्मरण व्हावे, गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक व्हावे, असा आपला जुना रिवाज आहे. त्या पंक्तीत वेश्याव्यवसाय आणि स्त्रियांची खरेदी-विक्री हा विषय आणून बसविणे काही वाचकांस औचित्यभंगासारखे वाटेल. घराघरांतून, मुलांबाळांच्या हाती जाणाऱ्या ग्रंथात असले अमंगल कशाला, असेही कोणी विचारील. त्यांस आमचे नम्र उत्तर एवढेच की, ज्ञातिसंस्था ही कुटुंबांची मिळून झालेली असते, आणि या व्यापाराची दोन्ही टोके कुटुंबातच आहेत. बाजारात नेली जाणारी मुलगी कोणाच्या तरी घरातून गेलेली असते, आणि तेथे पैसे मोजणारा पुरुषही कोणाच्या तरी घरी परत येतो. पहिल्या टोकाविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले. दुसऱ्या टोकाविषयी इतिहास काय सांगतो, ते पाहण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

हा व्यवसाय अनादिकालापासून चालत आला असून तो अनंतकाळ चालणारच, असे म्हणून विषय संपविण्याची आपल्यांत पद्धत आहे. पुरुषाची वासना ही पर्जन्यासारखी नैसर्गिक; तिला वाट हवी; ती वाट काही थोड्या पतित स्त्रियांनी पुरविली म्हणजे बाकीच्या घरांचे शील सुरक्षित राहते, असा हा युक्तिवाद आहे. ऐकावयास तो शहाणपणाचा वाटतो. परंतु गेल्या दोन-अडीचशे वर्षांची कागदपत्रे पाहिली असता अगदी निराळे चित्र दिसते. मागणी ही आकाशातून पडत नाही. ती कोणी तरी निर्माण करतो, कोणी तरी पोसतो, कोणी तरी तिच्याकडे काणाडोळा करतो. आणि ती वाढली की तिच्या मागोमाग मुली पळविणारे, फसविणारे व विकणारे येतात.

पेशवाईतील न्याय

आरंभ आपल्याच घरापासून करणे बरे. अठराव्या शतकातील मराठी दप्तरांत कुणबिणी व बटकी यांच्या खरेदी-विक्रीचे उल्लेख ठिकठिकाणी आढळतात. सरकारच्या कोठ्यांतून व पागांतून, तसेच सरदारांच्या वाड्यांतून या स्त्रिया राबत असत, आणि धन्याच्या इच्छेपुढे त्यांचे काही चालत नसे. या स्त्रिया येत कोठून? काही लढायांत व दुष्काळांत सापडलेल्या, काही विकत आणलेल्या. परंतु एक वर्ग असा होता की, जिच्यावर ‘बदकर्मा’चा आरोप शाबीत झाला ती स्त्री सरकारात बटीक म्हणून जमा केली जाई. त्याच प्रकरणातील पुरुष पुष्कळदा गुन्हेगारी, म्हणजे दंड, भरून मोकळा होत असे.

या न्यायाची रचना वाचकांनी नीट ध्यानात घ्यावी. एकाच कृत्याबद्दल पुरुषाकडून पैसा घ्यावयाचा आणि स्त्रीचे स्वातंत्र्य घ्यावयाचे. राज्ये बदलली, कायद्यांची भाषा बदलली, मराठीची इंग्रजी झाली. पण ही रचना फार काळ टिकली.

छावणीचा बाजार

इंग्रजी अंमलात १८४३ च्या कायद्याने गुलामगिरीचा कायदेशीर आधार काढून घेतला गेला आणि १८६० च्या दंडसंहितेने अल्पवयीन मुलीस वेश्याव्यवसायासाठी विकणे व विकत घेणे हे दोन्ही गुन्हे ठरविले. येथे ‘विकत घेणारा’ हा शब्द पाहून वाचकांस वाटेल की, अखेर गिऱ्हाईक कायद्याच्या कक्षेत आले. परंतु कायद्याचा रोख मुलीला कायमची ताब्यात घेणाऱ्या कुंटणखानेवाल्यावर होता. तासाभराचे पैसे मोजणाऱ्या माणसास त्याची झळ क्वचितच लागे.

इतकेच नव्हे, तर सरकार स्वतःच एक मोठे गिऱ्हाईक बनले होते. १८५७ नंतर हिंदुस्थानात गोऱ्या फौजेची संख्या वाढविण्यात आली. या शिपायांपैकी फारच थोड्यांस बायको बरोबर ठेवण्याची परवानगी असे. १८६४ च्या छावणी कायद्याने पलटणींच्या बाजारात वेश्यांची नोंद, वैद्यकीय तपासणी आणि ‘लॉक हॉस्पिटल’ ही व्यवस्था सुरू झाली. १८६८ च्या सांसर्गिक रोगांच्या कायद्याने तीच मोठ्या शहरांपर्यंत नेली. मुंबईत हा कायदा १८७० ते १८७२ आणि पुन्हा १८८० ते १८८८ असा दोन वेळा चालविला गेला. स्त्रीची तपासणी सक्तीची होती आणि रोगी ठरल्यास तिला रुग्णालयात कोंडून ठेवले जाई. जो पुरुष तिच्याकडे जाई, त्यास या कायद्याखाली कोणी काही विचारीत नसे.

या व्यवस्थेचे खरे स्वरूप एका कागदाने उघडे केले. १७ जून १८८६ रोजी सिमल्याहून, लॉर्ड रॉबर्ट्स हे सरसेनापती असताना, क्वार्टरमास्टर-जनरलच्या कचेरीतून एक परिपत्रक निघाले. पलटणीच्या बाजारात स्त्रियांची संख्या पुरेशी असावी, त्या पुरेशा आकर्षक असाव्यात, त्यांच्या राहण्याची सोय नीट असावी, असा त्याचा आशय होता. परिपत्रक निघाले, आणि लगेच मागणीपत्रेही निघाली! त्याच वर्षी सोलन येथील चेशायर पलटणीने अंबाल्याच्या छावणी मॅजिस्ट्रेटकडे रीतसर मागणी नोंदविली. शिपाई ४००, हजर स्त्रिया ६, आणखी हव्यात ६. स्त्रिया तरुण व देखण्या पाठवाव्यात. अंबाल्याहून सोलनपर्यंतचे एक्क्याचे भाडे पोहोचल्यावर पलटण देईल.

दाणावैरणीच्या मागणीहून हा कागद निराळा आहे काय? स्त्रियांच्या व्यापाराचे सारे शास्त्र या चार ओळींत सामावले आहे. प्रथम मागणी, मग आकडा, मग दर्जा, मग वाहतूक आणि वाहतुकीचा खर्च. या साखळीत मुलीच्या इच्छेचा रकाना कोठेच नाही. छावणीतील चकल्यावर ‘महालदारीण’ नावाची एक पगारी स्त्री नेमलेली असे. असलेल्या स्त्रियांवर देखरेख करणे व कमी पडल्यास नव्या आणणे हे तिचे काम होते. वरून आकडा ठरला म्हणजे खाली तो कसा भरला जातो, याची चौकशी वरच्यांस करावी लागत नाही. फसवणूक, कर्ज, भूक आणि जबरदस्ती हे सर्व त्या आकड्याच्या पोटात घडते, आणि वर केवळ हिशेब पोहोचतो.

जोसेफिन बटलर व त्यांचे सहकारी यांनी इंग्लंडात या प्रकारांविरुद्ध काहूर उठविले. तेथील तसले कायदे १८८६ साली रद्द झाले, आणि जून १८८८ मध्ये कॉमन्स सभेने हिंदुस्थानातील ही सक्ती बंद करण्याचा ठराव केला. तरीही कागदावर बंद झालेली व्यवस्था छावण्यांत चालूच होती, हे एलिझाबेथ अँड्र्यू व कॅथरीन बुशनेल या दोन अमेरिकन स्त्रियांनी १८९१-९२ च्या सुमारास छावणीछावणीतून हिंडून उजेडात आणले. १८९३ साली विलायतेत चौकशी समिती बसली, आणि आधी हे आरोप नाकारणाऱ्या लॉर्ड रॉबर्ट्स यांस त्या दोघींची जाहीर क्षमा मागावी लागली.

या कथेचा उत्तरार्ध आमच्या विषयास फार महत्त्वाचा आहे. १८९५ साली दर हजार गोऱ्या शिपायांमागे गुप्तरोगासाठी रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण पाचशेच्याही वर होते. पुढील पंधरा वर्षांत ते शंभराच्या खाली आले. याचे श्रेय काही अंशी नव्या औषधोपचारास व पुन्हा सुरू झालेल्या तपासणीस दिले पाहिजे, हे खरे. परंतु त्याच काळात दारूबंदीच्या मंडळ्या, खेळ, वाचनालये, शिक्षण यांची सोय झाली, आणि १९०५ साली लॉर्ड किचनेर यांनी प्रत्येक शिपायास उद्देशून संयमाचे आवाहन काढले. ज्यांस वीस वर्षांपूर्वी ‘पुरवठ्या’वाचून राहणे अशक्य मानले जात होते, त्याच जातीचे, त्याच वयाचे हे पुरुष होते. त्यांची वागणूक बदलू शकते, असे शेवटी त्यांच्या सेनापतींनाही मान्य करावे लागले. मग पर्जन्याचा तो दृष्टान्त कोठे राहिला?

मुंबईची गोष्ट

छावणीतून आता शहरात येऊ. १९११ ते १९३१ या काळात मुंबई शहरात दर हजार पुरुषांमागे स्त्रिया सव्वापाचशे ते साडेपाचशे एवढ्याच होत्या. कोकणातून व घाटावरून आलेले गिरणीकामगार एकेका खोलीत दहा-पंधराजण राहत, आणि बायकापोरे गावी असत. मुंबईतील कुंटणखान्यांची सबब म्हणून हे आकडे नेहमी पुढे केले जातात. त्यांत तथ्य नाही असे नाही. तथापि सारा दोष गिरणीकामगारावर ढकलणे हा अन्याय होईल. खानावळीचे पैसे चुकते करून उरलेले गावी मनिऑर्डरीने धाडणाऱ्या सहस्रावधी चाकरमान्यांनी या शहरात निर्मळ आयुष्ये काढली, आणि आपल्या ज्ञातीतील कित्येक घरे त्यांच्याच घामावर उभी आहेत. दुसरीकडे बंदरावरचे खलाशी, पलटणींतले गोरे, व्यापारी, पेढीवाले आणि बायकापोरांसह सुखाने नांदणारे गृहस्थही गिऱ्हाइकांत होते. गरज आणि मागणी या दोन वस्तू एक नव्हेत.

कामाठीपुरा हे नाव मुळात तेथे वस्ती करून राहिलेल्या कामाठी मजुरांवरून पडले. पुढे त्याच भागातील एका गल्लीत युरोपीय वेश्यांचे कुंटणखाने झाले आणि लोक तिला ‘सफेद गल्ली’ म्हणू लागले. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाल्यावर पूर्व युरोपातील दरिद्री घरांतल्या स्त्रिया दलालांच्या हातून बंदराबंदराने पूर्वेकडे आणल्या जाऊ लागल्या. पोलिसांस हे ठाऊक होते. गोऱ्या खलाशांस व शिपायांस हे लागणारच, अशा समजुतीने ते तसे चालू दिले गेले. देशी मुलींची वाट निराळी होती. देवाला सोडलेल्या मुरळ्या व जोगतिणी, टाकलेल्या बायका, दुष्काळातून पळालेल्या पोरी, नोकरीच्या वा लग्नाच्या थापेने आणलेल्या खेडवळ मुली या सर्व त्याच वस्तीत येऊन मिळत.

१९१७ साली डंकन रोडवरील एका कुंटणखान्यात आकूताई नावाची स्त्री मरण पावली. तिने तेथून पळून जाण्याचा प्रयत्न केला होता. तिला पकडून परत आणण्यात आले आणि छळ करून ठार मारण्यात आले. खटल्याच्या साक्षींतून त्या घरांचे अंतरंग शहरापुढे आले. स्त्रियांच्या डोक्यावर न फिटणारे कर्ज, बंद दारे, मारहाण, आणि एवढे होऊनही दररोज येणारी गिऱ्हाइके! मारेकऱ्यांवर खटला झाला. तो व्हावयासच हवा होता. परंतु त्या घरात जाणाऱ्या-येणाऱ्या पुरुषांपैकी एकासही ती बंद दारे दिसली नव्हती काय? हा प्रश्न न्यायालयाच्या कक्षेत येत नव्हता. समाजाच्या कक्षेत तो येत होता, परंतु समाजानेही तो फारसा विचारला नाही.

या प्रकरणाने लोकमत जागे झाले. १९२१ साली मुंबई सरकारने वेश्याव्यवसायाच्या चौकशीसाठी समिती नेमली आणि १९२३ साली मुंबईचा वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा झाला. दलाल व कुंटणी यांवर त्याने शस्त्र उगारले; रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या स्त्रीवरही उगारले. गिऱ्हाईक बाजूला उभे राहून हा सर्व प्रकार पाहत होते.

त्याच सुमारास राष्ट्रसंघाने या प्रश्नात लक्ष घातले. १९२१ साली जिनिव्हा येथे स्त्रिया व मुले यांच्या व्यापाराविरुद्ध करार झाला. पूर्वेकडील देशांत हिंडून माहिती गोळा करणाऱ्या आयोगाने १९३२ साली निष्कर्ष काढला की, जेथे कुंटणखाने असतात, आणि विशेषतः जेथे सरकार त्यांस मान्यता देते, तेथेच परदेशी स्त्रियांचा व्यापार फोफावतो. तोच त्याचा मुख्य आधार होय. व्यवस्थित, परवान्याचा बाजार ठेवला म्हणजे पळवापळवी थांबते, ही समजूत त्या अहवालाने खोडून काढली.

ज्ञातीचा वाटा

आता आमच्या मूळ विषयाच्या सर्वांत नाजूक भागाकडे येतो. मागणी पुरुषांनी केली, पुरवठा दलालांनी केला. परंतु दलालाच्या हाती माल कोणी दिला? उत्तर कटू आहे. पुष्कळ वेळा तो ज्ञातींनी दिला.

बालविधवेस दिवस गेले की तिला घराबाहेर काढावयाचे, पळून गेलेली मुलगी परत आली तर उंबरठा ओलांडू द्यावयाचा नाही, नवऱ्याने टाकलेलीस पंक्तीला बसवावयाचे नाही, हा आपल्या सर्वच ज्ञातींचा, थोरामोठ्यांच्याही, धर्म होऊन बसला होता. ज्या पुरुषामुळे हे घडले तो मात्र पंचांत बसून निर्णय देण्यासही मोकळा असे. जोतीराव फुल्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते याच क्रौर्याला उत्तर म्हणून. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्यप्रांतात गेल्या आणि शेकडो अनाथ मुली व विधवा घेऊन आल्या. भुकेल्या मुलींच्या शोधात दुष्ट माणसे तेथे कशी टपलेली होती, ते त्यांनी लिहून ठेवले आहे. दलालास मुलीचे घर कोठे आहे हे पाहावयाचे नसते. तिला परत जावयास घर उरलेले नाही, एवढेच त्याला पुरते.

याउलट, ज्ञातीने मनावर घेतले तर काय घडू शकते, त्याचेही उदाहरण आहे. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली सुरू झालेल्या ‘सोमवंशीय मित्र’ या पत्रातून मुरळ्यांना हा मार्ग सोडण्याची कळकळीची विनंती केली. शिवूबाई जाधव या मुरळीने त्यांस पत्र लिहून विचारले की, आम्ही हे सोडू, पण आमच्याशी लग्न कोण करणार? कांबळे यांनी तो प्रश्न आपल्या समाजातील पुरुषांपुढे ठेवला, आणि १९०९ साली गणपतराव गायकवाड यांनी तिच्याशी विवाह केला. हजार व्याख्यानांनी जे होत नाही ते या एका विवाहाने दाखविले. आमच्या समजुतीप्रमाणे त्या पत्रातील प्रश्न आजही महाराष्ट्रातील प्रत्येक ज्ञातिसंस्थेस उद्देशून आहे.

कायदा कोठवर आला

स्वातंत्र्यानंतर आपल्या संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने माणसांच्या व्यापारास बंदी केली. १९५६ साली अनैतिक व्यापार प्रतिबंधाचा कायदा झाला. १९८६ साली त्यात मोठ्या सुधारणा झाल्या. तरीही जुनी रचना त्यात डोकावतेच. गिऱ्हाईक बोलाविण्याच्या पहिल्या गुन्ह्यासाठी स्त्रीस सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तोच गुन्हा पुरुषाने केल्यास कमीत कमी सात दिवस आणि जास्तीत जास्त तीन महिने! पेशवाईतील दंड आणि बटकीची आठवण येथे कोणास झाली, तर त्यास दोष देता येणार नाही.

अलीकडे वारे बदलत आहे. स्वीडनने १९९९ पासून विकणाऱ्या स्त्रीस निरपराध मानून विकत घेणाऱ्यास गुन्हेगार ठरविले. २००० सालच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात मानवी व्यापारास पोसणारी मागणी कमी करणे हे राज्यांचे कर्तव्य म्हणून नमूद झाले. भारताने तो २०११ साली मान्य केला. २०१३ साली आपल्या दंडसंहितेत नवे कलम आले. व्यापार करून आणलेली व्यक्ती आहे हे ठाऊक असताना, किंवा तसे मानण्यास कारण असताना, जो तिचा लैंगिक उपभोग घेईल तोही शिक्षेस पात्र ठरला. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ही शिक्षा प्रौढ व्यक्तीच्या बाबतीत तीन ते सात वर्षे, आणि बालकाच्या बाबतीत पाच ते दहा वर्षे अशी आहे. डंकन रोडच्या त्या बंद दारांविषयीचा प्रश्न शंभर वर्षांनी का होईना, कायद्याने विचारला, हे समाधानाचे होय.

येथे दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. या व्यवसायातील कित्येक प्रौढ स्त्रियांच्या संघटनांचे म्हणणे असे की, आम्हां सर्वांस पळवून आणलेल्या समजू नका. गिऱ्हाइकांवर धाडी पडल्या की आमची भाकरी जाते आणि धंदा अधिक अंधाऱ्या जागी ढकलला जातो. १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही या स्त्रियांस प्रतिष्ठेने जगण्याचा हक्क असून स्वेच्छेने हा व्यवसाय करणाऱ्या प्रौढ स्त्रीस पोलिसांनी छळू नये, असे बजावले. त्यांचा तो हक्क आम्ही मनापासून मान्य करतो. परंतु त्याने मागणीचा प्रश्न मिटत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे, खासगी व्यक्तींनी लादलेल्या सक्तीच्या श्रमांत अडकलेल्यांपैकी देहविक्रयात अडकलेले २७ टक्के आहेत. पण अशा श्रमांतून मिळणाऱ्या बेकायदा नफ्यापैकी ७३ टक्के त्यांच्यापासून मिळतो. जेथे एवढा नफा आहे तेथे स्वेच्छेने आलेल्या स्त्रिया कमी पडताच सोलनच्या मागणीपत्रासारखी पत्रे निघणार, आणि ती भरून देणारे हातही निघणार. मुलगी खुशीने आली की विकली गेली, हे पैसे मोजणारा विचारीत नाही. आणि तो विचारीत नाही म्हणूनच विकणाऱ्याचे फावते.

आपले कर्तव्य

इतिहासाचा बोध आचरणात उतरावा, एवढ्यासाठी संघाच्या कार्यकारिणीपुढे आम्ही तीन सूचना नम्रपणे ठेवितो. पहिली, आपल्या वधूवर सूचक केंद्रात परगावच्या, विशेषतः परप्रांतीच्या, अपरिचित स्थळाची समक्ष चौकशी झाल्यावाचून नाव पुढे जाऊ नये. हुंडा नको, खर्च आम्हीच करू, लग्न मात्र लवकर उरका, असे सांगत येणारे सोयरे हे कित्येक मुलींच्या विक्रीचे पहिले पाऊल ठरले आहे. दुसरी, टाकलेल्या, विधवा अथवा संकटातून परत आलेल्या स्त्रीस व तिच्या मुलांस शिष्यवृत्तीत व वसतिगृहात प्रथम स्थान असावे. वाळीत टाकणे हा आता महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्याने गुन्हाच आहे. पण कायद्याच्या भयाने उघडलेले दार आणि मायेने उघडलेले दार यांत अंतर असते. तिसरी सूचना मुलग्यांविषयी आहे. आपण मुलींस जपण्याचे धडे देत आलो. विकत घेऊ नये हा धडा मुलग्यांस कोणी द्यावयाचा? वसतिगृहातील तरुणांशी वडीलधाऱ्यांनी या विषयावर मोकळेपणी बोलावे. लाज वाटेल, पण ती लाज आजवर चुकीच्या माणसांच्या वाट्यास आली आहे.

मुलगी कोणी विकली, हे आपण पुष्कळदा विचारले. दर दशकास नवा दलाल पकडला गेला आणि त्याच्या जागी दुसरा उभा राहिला. विकत घेणारा कोण, हे ज्या दिवशी आपण आपल्याच पंगतीत, आपल्याच घरात, संकोच सोडून विचारू, त्या दिवशी या व्यापाराचे मूळ हातास लागेल. दलालास कारागृह दूर ठेवू शकेल. गिऱ्हाइकास केवळ त्याचे घर आणि त्याची ज्ञातीच आवरू शकेल. हे सामर्थ्य आपल्यापाशी आहे. त्याचा उपयोग आजवर आपण दुर्बळांस बाहेर काढण्यासाठी केला. यापुढे तो त्यांस आत घेण्यासाठी व्हावा, एवढीच आमची ज्ञातिबंधुभगिनींच्या चरणी प्रार्थना आहे.